टेबलामागची वायर

पुढच्या खोलीत हरीचा क्लास सुरू असला की मी मिक्सर लावत नसे. चटणी वाटायची ती बॅच सुटल्यावर. भाजी फोडणीला टाकून गॅस बारीक करायचा आणि दाराशी उभं राहून ऐकायचं, माझा मुलगा शिकवतो कसा ते. तुम्ही म्हणाल, आईला कौतुक असणारच. होतंच की! चांगलं गळ्यापर्यंत होतं. ते कसं उतरलं तेच सांगायचंय.

आम्ही सांगलीचे, गावभागातले. हे गेल्यावर घरात मी आणि हरी, दोघंच. हरीनं पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, नोकरीसाठी चपला झिजवल्या, आणि शेवटी शहाण्णवच्या पाडव्याला आमच्याच पुढच्या खोलीत चार यंत्रं मांडून क्लास काढला. दारावर पाटी लागली. पाटीवर क्लासचं नाव निळ्या रंगात आणि खाली लाल रंगात ठळक, ‘लॅन व वॅन प्रात्यक्षिकासह’. त्या लाल ओळीचा अर्थ गल्लीत कोणाला कळत नव्हता, त्यामुळे तिचा वचक भारी होता.

मला मात्र कळायचा. ऐकून ऐकून पाठच झाला होता. हरी सांगायचा, “समजा, हळदीच्या अडत्याची पेढी आहे. एक यंत्र पेढीवर, एक गोदामात, एक हिशेबनिसापुढं. तिन्ही वेगवेगळी असतील तर माणसानं कागद घेऊन दिवसभर पळायचं. तीच एका वायरीनं जोडली, की गोदामात पोतं उतरलेलं पेढीवर बसल्या जागी दिसतं. छापायचं यंत्रही सगळ्यांत मिळून एक पुरतं. हे सगळं एका आवारात, आपल्या वायरीवर, म्हणून ते लॅन. आता त्याच अडत्यानं साताऱ्याला दुसरी पेढी काढली. सांगलीपासून साताऱ्यापर्यंत त्याला वायर कोण टाकू देईल? मग टेलिफोनची तार वापरायची. दोन्हीकडं मोडेम नावाची डबी लावायची, ती यंत्राचं बोलणं फोनच्या आवाजात घालते आणि पलीकडची डबी ते उलगडते. गाव ओलांडलं की वॅन.”

किती सोपं करून सांगतो हो, असं मला वाटायचं. पोळी करपायची, पण मी हलायची नाही.

मग प्रात्यक्षिक. खोलीच्या भिंतीला लागून एक जाड काळी वायर होती, पांढऱ्या खिळ्यांनी ओळीत ठोकलेली. ती पहिल्या टेबलामागं उतरायची, दुसऱ्यामागं जायची, अशी थेट चौथ्यापर्यंत. हरी पहिल्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांत ‘नमस्कार सांगली’ टाइप करायचा, एक बटण दाबायचा आणि म्हणायचा, “चला चौथ्यावर.” पोरं धावत जायची. चौथ्या यंत्राच्या पडद्यावर ‘नमस्कार सांगली’! पोरं टाळ्या वाजवायची. आत मीही भिजवलेल्या कणकेच्या हातांनी हळूच वाजवून घ्यायची.

एकदा झाडताना मी पहिल्या टेबलामागं केरसुणी घातली, तर वायरीचं टोक नुसतंच जमिनीवर पडलेलं. त्याला चिकटपट्टी गुंडाळलेली. मी आपलं विचारलं, “हरी, अरे ही वायर यंत्रात जातच नाही की.” तो केवढ्यानं तरी ओरडला, “आई! तिला हात लावू नकोस. सगळं बंद पडेल.” मी जीभच चावली. म्हटलं, आपण कशाला त्या शहाणपणात पडायचं? तेव्हापासून त्या टोकाभोवती केरसुणी अशी हळू फिरवायची, जणू पाळण्यातलं मूल झोपलंय. खंडेनवमीला यंत्रांची पूजा केली तेव्हा चारही यंत्रांना हळदकुंकू लावलं आणि त्या वायरीलाही बोट लावलं, वर झेंडूचं फूल. म्हटलं, सगळा खेळ हिच्यावरच तर चाललाय.

त्या पूजेला सगळी बॅच आली होती. सगळ्यांनी हात जोडले. एक आम्रपाली तेवढी बाजूला उभी होती, हात मागं बांधून. तिच्या घरी असली पूजा करत नाहीत, त्यांचं बुद्धाचं. हे मला माहीत होतं, तरी मनात आलंच, की काय बाई ताठा, विद्येपुढं वाकायला काय जातं! तोंडानं काही बोलले नाही. पेढा मात्र तिला शेवटी दिला.

आम्रपाली कवठे महांकाळकडची. गावातनं यष्टी धरून रोज सांगलीला यायची. वडील नाहीत. आई हरणाबाई, द्राक्षबागांत मजुरीला जाते. पोरगी हडकुळी, पण नजर अशी की समोरच्यानं खोटं बोलायला कचरावं. प्रश्न फार विचारायची. एकदा म्हणाली, “सर, सारखं नमस्कार सांगलीच का? मी माझं नाव पाठवून बघू?”

हरी म्हणाला, “नवीन नाव घातलं की व्हायरस शिरतो. यंत्रं जातील चारही.”

“बरं सर,” म्हणून ती गप बसली. मला वाटलं, किती जपतो माझा मुलगा यंत्रांना.

हरणाबाई दोन-तीनदा येऊन गेली होती. येताना कापडी पिशवीतनं भुईमुगाच्या शेंगा आणायची आणि उंबऱ्याबाहेर पायरीवरच टेकायची. मी म्हणायची, “आत या की.” ती म्हणायची, “असू द्या बाई, पाय मळल्यात.” मी दुसऱ्यांदा म्हणत नसे. पिशवी मोकळी परत देऊ नये म्हणून वाटीभर साखर घालून द्यायची, आणि आपण लई रीतभात पाळली असं वाटून घ्यायची.

तर या जानेवारीत काय झालं, कराडजवळच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभागात माणूस हवा होता. आम्रपालीनं अर्ज केला आणि तिला बोलावणं आलं! हरीनं सगळ्या बॅचसमोर सांगितलं, “आपल्या क्लासची पहिली.” पोरगी नवी ओढणी घेऊन गेली. तिच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारं कोणी कधी झालं नव्हतं. नोकरी लागली तर हरणाबाईचं बागेतलं उन्हातान्हाचं काम सुटणार होतं. इथं मी मनातल्या मनात माझ्या मुलाची पाठ थोपटत होते.

दोन दिवसांनी संध्याकाळची बॅच बसायच्या आधी मायलेकी दारात. हरणाबाई पायरीवर बसली. आम्रपाली आत आली ती मान खाली घालून. मी स्वयंपाकघरातनं बघितलं आणि म्हटलं, झालं, नाही मिळाली. चहाचं आधण ठेवलं आणि सवयीनं गॅस बारीक केला.

“सर,” आम्रपाली म्हणाली, “तुमचं नाव घालवलं मी.”

“काय झालं?” हरीनं विचारलं.

“तोंडी सगळं आलं सर. लॅन म्हंजे काय, वॅन म्हंजे काय, सगळं घडाघडा सांगितलं. सायेब खूश झालं. मग मला आफिसात न्हेलं. तितं एकाच वायरीवर समदी यंत्रं हायती, उसाच्या काट्यावरचं बी त्याच वायरीवर. सायेब म्हनले, ह्यातलं हे एक यंत्र दुरुस्तीला जायचंय, लायनीतनं काढून दाव, बाकीची चालू ऱ्हायला पायजेत. मला म्हाईतच न्हाई सर! वायर कुटनं आत जाती, कुटनं भायेर येती, काय कळंना. मी दिली उपसून. तर समद्या आफिसातली यंत्रं गप झाली. काट्यावरचं बी.”

आत चहाला उकळी आली, तरी मी हललेच नाही.

“भायेर उसाच्या गाड्यांची ही रांग लागली. वजनच हुईना. गाडीवान आत आलं वरडत, कुनी बंद पाडलं म्हनून. समदी माझ्याकडं बघाय लागली. एकजण म्हनला, कुनी आनलंय हिला? सर, मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. सायेब बिचारं चांगलं. म्हनले, तुज्या क्लासात नेटवर्क हाय का न्हाई? मी म्हनलं, हाय, चार यंत्रांचं हाय. ते म्हनले, मग हात का लावला न्हाईस कवा? मी म्हनलं, सरांची चूक न्हाई, माझंच ध्यान नव्हतं.”

हरी टेबलावरचे कागद सारखे करत बसला.

पायरीवरनं हरणाबाई म्हणाली, “सर, चुकली पोरगी. तुमी इतकं जीव तोडून शिकीवलं आन हिनं लाज आनली. तुमी हानली तरी चालंल, पन एक डाव नीट दावा तिला.”

“सायबांनी सोमवारी परत बोलीवलंय,” आम्रपाली म्हणाली. “सराव करून ये म्हनले, शेवटची संधी देतो. सर, मला ही वायर एकदा उगडून बघू द्या. ह्या यंत्रात कशी जाती, त्यातनं कशी भायेर येती, एवढंच. तुमी म्हनाल तवा येते. सकाळी बॅचच्या आदी येते. हळू हात लावीन, काय बिगडवनार न्हाई.”

हे ऐकताना मला काय झालं सांगू? ती म्हणाली, ‘वायर आत जाती, भायेर येती,’ आणि माझ्या डोळ्यांसमोर ते चिकटपट्टीचं टोक आलं. आत जातच नाही की ती! कुठंच जात नाही. तरी एक वेडी आशा होती. वाटलं, हरी आता सांगेल. आता म्हणेल, बाळ, चूक तुझी नाही. माझं पोर आहे ते, एवढं तरी बोलेलच.

हरी म्हणाला, “हे बघ आम्रपाली, वायरीला हात लावला तर माझा सगळा क्लास बंद पडेल. आणि खरं सांगू का, हे काम सगळ्यांच्या हातचं नसतं. त्याला डोकं लागतं. सोमवारी पुन्हा जाऊन हसं करून घेण्यापेक्षा राहू दे ते. टायपिंगचं काहीतरी बघू तुझ्यासाठी.”

“म्हंजे मला जमनार न्हाई, सर?”

“नाही जमायचं.”

आणि ती म्हणाली, “बरं सर.”

त्या ‘बरं सर’नं माझ्या पायाखालची जमीन गेली. अहो, क्लास चालवण्यासाठी दोन खोट्या गोष्टी सांगितल्या असत्या, तर मी कदाचित पदराखाली झाकलं असतं, खोटं कशाला बोलू! पण आपलं भांडं फुटू नये म्हणून त्या पोरीला बिनडोक म्हणाला? तिच्या आईदेखत? आणि तिनं ते खरं मानलं!

चहा तसाच ठेवून मी बाहेर आले. हरीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्याला कळलं. “आई, तू आत जा,” असं म्हणाला.

“तू गप रे,” मी म्हटलं. “हरणाबाई, आत या.”

“असू द्या बाई, पाय...”

“पाय राहू द्या तसेच. आत या म्हणते ना!” मी तिचा हात धरला आणि तिला खोलीत आणली. उंबऱ्याच्या आत ती पहिल्यांदा आली ती आमची लाज बघायला.

मग मी पहिलं टेबल ओढलं. जड होतं, यंत्रासकट, पण मला त्या दिवशी कसली ताकद आली होती कोण जाणे. टेबल करकरत भिंतीपासून सुटलं. मी वाकून वायरीचं टोक उचललं, त्यावरची चिकटपट्टी टराटरा ओढून काढली आणि टोक आम्रपालीच्या हातात दिलं. त्यावर अजून माझ्या कुंकवाचा डाग होता.

“बघ,” मी म्हटलं, “तुझ्या सरांचं नेटवर्क.”

ती टोकाकडं बघत राहिली. मग खाली बसली, पहिल्या टेबलामागं डोकावली, दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. वायरीवरनं हात फिरवत भिंतीच्या कडेनं सरकत गेली. चौथ्या टेबलाशी पोचली आणि तिथंही तसंच टोक, चिकटपट्टी गुंडाळलेलं. तिनं तेही टोक हातात घेतलं आणि उठली.

“सर, ही तर टीव्हीच्या केबलची वायर हाय,” ती म्हणाली.

हरी खुर्चीत बसला होता. “केबलवाल्यानं टाकलेली उरलेली होती,” तो पुटपुटला. “वायर जोडायला यंत्रात आत एक एक कार्ड बसवावं लागतं. चार कार्डं झेपली नाहीत. इथल्याच विश्रामबागेतल्या दुसऱ्या क्लासनं पाटीवर लॅन लिहिलं, म्हणून मीही लिहिलं. वाटलं, पुढं घेऊ. मग पुढं पुढं गेलं.”

“आन नमस्कार सांगली?”

“ते फ्लॉपीवरून आधीच चौथ्यावर घालून ठेवायचो.”

हरणाबाईला यातलं काही कळत नव्हतं. ती लेकीच्या दंडाला धरून विचारत होती, “काय झालं गं? काय म्हनत्यात सर?”

आम्रपाली म्हणाली, “आय, मला यीत न्हवतं असं न्हाई. मला दावलंच न्हवतं.”

“म्हंजे तुजं चुकलं न्हाई?”

“न्हाई.”

हरणाबाईनं हरीकडं बघितलं. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या, मला बरं वाटलं असतं. पण तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, “मंग काल दिसभर म्या पोरीला का बोलले वं सर?”

हरीनं खाली बघितलं, मीही खाली बघितलं. फरशी स्वच्छ होती. रोज मीच झाडते ना.

मीच मग आवाज चढवला. “हरी, तो तुझा शौनक कराडच्या कॉलेजात लॅबमध्ये आहे ना? त्याला फोन लाव. आत्ताच्या आत्ता. रविवारी आपण येतो म्हणावं. ही पण येणार आणि मी पण.”

“त्याला काय सांगू आई?”

“ते तुझं तू बघ. खोटं सुचतंय तेवढं, खरंही सुचेल.”

रविवारी आम्ही तिघं कराडच्या यष्टीत बसलो. हरी पुढं, मी आणि आम्रपाली मागं. पोरगी खिडकीतनं बाहेर बघत होती. मी घरनं गुळपोळ्या घेतल्या होत्या, एक पुढं केली. तिनं मानेनंच नको म्हटलं. इस्लामपूर गेलं तेव्हा एकदम वळून म्हणाली, “काकू, तुमाला ठावं हुतं?”

“नव्हतं गं. तुझ्या गळ्याची शपथ, नव्हतं ठाऊक.”

“पन वायर तर दिसत हुती की तुमाला. तुमी रोज झाडत हुता तितं.”

“विचारलं होतं मी एकदा. तो म्हणाला, हात लावू नकोस.”

“आन तुमी न्हाई लावला,” ती म्हणाली आणि परत खिडकीकडं वळली.

तिचा आवाज चढला नव्हता. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खंडेनवमीला त्या मेल्या वायरीपुढं हात न जोडणारी खोलीत एकटी ही होती, आणि ताठा मी हिचा काढला होता. ती गुळपोळी मी परत फडक्यात बांधली आणि कराड येईपर्यंत मांडीवर धरून बसले.

शौनक म्हणजे हरीबरोबर पुण्याला शिकलेला. हसरा, बडबड्या मुलगा. लॅबमध्ये यंत्रांची रांग होती आणि सगळ्यांमागून खरीखुरी काळी वायर गेलेली. रविवार असला तरी परीक्षेचं काही काम म्हणून दोघं-तिघं विद्यार्थी कोपऱ्यात यंत्रांवर बसले होते. शौनकनं माझ्या पायांना हात लावला आणि हरीच्या पाठीवर थाप मारली. “विद्यार्थिनीला दाखवायला आणलंस होय? छान! मग दाखव की मास्तर. मी कशाला मध्ये लुडबुड करू? हे घे, हे यंत्र काढून दाखव तिला.”

हरीनं फोनवर त्याला नेमकं काय सांगितलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. काही सांगितलं नव्हतं.

हरी त्या यंत्रामागं वाकला. त्यानं कुठंतरी धरलं, पिळलं, ओढलं. कोपऱ्यातनं पोरं ओरडली, “सर, गेलं! सगळं अडकलं!”

“अरे!” शौनक हसायला लागला. “तीच वायर उपसलीस की बाबा. आणि तू हे शिकवतोस?”

विद्यार्थी वळून बघायला लागले. माझ्या मुलाचे कान तांबडे झाले. मला वाटलं, बोल रे आता, एवढं एक वाक्य बोल. तो बोलेना.

बोलली ती आम्रपाली. “न्हाई सर,” ती शौनकला म्हणाली, “आमी दोघं बी शिकायला आलोय.”

शौनकचं हसू थांबलं. त्यानं हरीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मग काही न विचारता खाली बसला. त्यानं एक पितळी तुकडा हातात घेतला, इंग्रजी टी अक्षरासारखा. “हे बघा. आडव्या दोन टोकांना वायर येते आणि पुढं जाते. उभं टोक यंत्रात बसतं. यंत्र काढायचं तर फक्त उभं टोक सोडवायचं. आडव्याला हात लावायचा नाही, म्हणजे वाट तुटत नाही आणि बाकीची यंत्रं चालू राहतात. वायरीच्या अगदी शेवटी दोन्हीकडं हे टोपण हवंच. ते निघालं तरी सगळं बंद.”

एवढंच! मला तर रडू आलं. मुठीत मावेल एवढा तुकडा, दोन वाक्यांत सांगून होईल असं काम, आणि ते कोणी हातात दिलं नाही म्हणून पोरगी भर कारखान्यात गाडीवानांची बोलणी खाऊन आली.

आम्रपालीनं तुकडा हातात घेतला. उभं टोक पिळून सोडवलं, यंत्र बाजूला सरकवलं आणि कोपऱ्याकडं बघितलं. पोरांची यंत्रं चालूच होती. तिनं परत बसवलं, परत काढलं. मग तुकडा हरीपुढं धरला. “घ्या सर, आता तुमी.”

अजूनही सर म्हणत होती. हरीनं तो घेतला आणि तिच्यासमोर खाली बसून काढघाल करायला लागला. दुपारभर दोघं तेच करत होती. मी बाकावर बसून बघत होते. मुलगा शिकवताना इतक्या वेळा बघितला, ऐकला. शिकताना त्या दिवशी बघितला.

सोमवारी तिचं काम झालं. ते आम्हाला तिच्याकडनं कळलं नाही. आठवड्यानं हरणाबाई आली, शेंगांची पिशवी घेऊन, म्हणाली पोरगी कामावर रुजू झाली. मी तिला हाताला धरून आत आणली, खुर्चीवर बसवली. हरी समोर आला तशी ती उठून उभी राहिली. “सर, पयलं झालं गेलं. पन तुमी सवता पोरीला कराडला न्हेलं, संगं बसून शिकीवलं. म्या समद्या बागंत सांगितलं, असा मास्तर गावायचा न्हाई.”

हरी आतल्या खोलीत निघून गेला. तिला वाटलं, कामाला गेला. मी पिशवी रिकामी केली आणि साखरेच्या डब्यापाशी उभी राहिले. वाटीभर साखर घालायला हात होईना. पोळ्यांचा डबा होता तो तसाच्या तसा पिशवीत ठेवला, तरी पिशवी मला रिकामीच वाटली.

आम्रपाली स्वतः पुन्हा आली नाही. कारखान्याला जायची यष्टी सांगलीवरनंच जाते, पण आमच्या दारात तिचं पाऊल नाही. मी तिची वाट बघत नाही म्हणाले तर तेही खोटंच.

हरीनं बॅचला खरं काय ते सांगितलं. काही पोरं गेली, काही राहिली. भिंतीवरची वायर त्यानं काढली आणि पाटीवरच्या त्या ओळीवर स्वतः चुना फासला. पण लाल रंग मेला भारीतला होता, चुन्यातनं अजून वाचता येतो. त्यात हरणाबाईनं बागांतनं केलेलं कौतुक. कवठे महांकाळकडनं पोरी यायला लागल्यात, कोणी मावशीबरोबर, कोणी भावाबरोबर. दारात चपला काढतात आणि म्हणतात, “सर, आम्रपालीताईवानी नेटवर्क शिकायचंय.”

मग हरीला सांगावं लागतं. “आमच्याकडं नेटवर्क नाही. आधी होतं म्हणायचो, तेही नव्हतं. आम्रपालीला मी शिकवलेलं नाही.” पहिल्या पोरीला सांगताना त्याचा आवाज घशातच राहिला होता. आताशा निघतो, पण शेवटचं वाक्य तो अजून गिळायला बघतो.

मी आत असते. बाहेर चपला वाजल्या की मिक्सर बंद करते, गॅस बारीक करते आणि दाराशी उभी राहते, ते शेवटचं वाक्य तो बोलतो की नाही ते ऐकायला.